तासभर उशिरा छापलेली भरती

प्रथम तारखा आणि त्यांपुढे जबाबदार माणसे. हा क्रम लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

जानेवारी १९९२. दातिवऱ्याच्या पलीकडच्या एका लहान बंदरात, ज्याचे नाव मी जाणूनबुजून लिहीत नाही, मच्छीमार संस्थेच्या कचेरीत संगणक आला आणि भरती-ओहोटीचा वर्षभराचा पहिला छापील तक्ता भिंतीवर लागला. जबाबदार: संगणक विकणारा बोईसरचा दुकानदार, ज्याने कंपायलरच्या फ्लॉपी सोबत फुकट दिल्या, आणि मी, ज्याने त्या घेतल्या.

एप्रिलचा पहिला रविवार. त्या कंपायलरने कोणालाही न विचारता आमचे घड्याळ एक तास पुढे केले. जबाबदार: तो कंपायलर बनवणारी परदेशी कंपनी.

त्याच आठवड्यातील चैत्र शुद्ध चतुर्थी. संस्थेची होडी खाडीच्या तोंडाशी वाळूवर बसली. जबाबदार: संस्थेचे चिटणीस.

मे महिन्यातील सभा. होडीचा तांडेल दोषी ठरला. जबाबदार: हात वर करणारे सर्व सभासद, आणि साक्ष देणारा मी.

जुलै. चूक सापडली व लेखी कळवली गेली. तेव्हापासून आजतागायत कोणी काहीही केलेले नाही. या शेवटच्या नोंदीपुढे कोणाचे नाव लिहायचे, ते मी लेखाच्या अखेरीस विचारणार आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. सत्तरच्या दशकात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहत होते तेव्हा नोकरीसाठी बोईसरला आलो. दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात कायद्याचा अभ्यास, असे मी दोन वर्षे केले. परीक्षा अर्धवट राहिली, पण कलमे वाचण्याची आणि पत्रे लिहिण्याची सवय सुटली नाही. पुढे कारखान्यात मोठा संगणक आला, त्या विभागात माझी बदली झाली आणि चाळिशी उलटल्यावर मी प्रोग्रॅम लिहायला शिकलो. मला ते काम मसुदा लिहिण्यासारखे वाटले. एक शब्द सैल राहिला तर त्याचा नेमका तिथेच गैरफायदा घेतला जातो.

समुद्राशी माझा संबंध मासळीपुरता. बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकायला येणाऱ्या एका बाईंशी ओळख झाली आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या नवऱ्याशी. ते तांडेल होते, म्हणजे होडीचा प्रमुख. सुकाणू त्यांच्या हाती आणि खलाशांचा जीव त्यांच्या शब्दावर. वयाने ते माझ्या बरोबरीचे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला भरतीचे गणित सांगितले. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून. मी वहीत आकडेमोड करून पाहिली आणि चंद्राचे शास्त्र या पाऊणपटीत किती सहज बसवले आहे, याचे मला आश्चर्य वाटले. त्या हौसेपोटी मी कारखान्याच्या यंत्रावर एक प्रोग्रॅम लिहिला. जानेवारीतील एका अमावास्येचा क्षण धरायचा, त्यात सेकंद मिळवत जायचे आणि येणाऱ्या प्रत्येक भरतीची वेळ छापायची. दोन वर्षे मी तो तक्ता तांडेलांना नेऊन देत होतो. ते हसून घडी घालत आणि म्हणत, "सायेब, तुमचा कागद आनि माजी बोटं, दोगं एकच सांगतान."

मी निवृत्त झालो त्या सुमारास संस्थेच्या चिटणीसपदी एक पदवीधर तरुण आला. पालघरच्या कॉलेजातून शिकलेला, गावातलाच, हुशार आणि घाईत असलेला. संस्थेने संगणक घेतला, पाहुण्यांच्या हस्ते नारळ फोडला, पण त्यावर करायचे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. चिटणीसांना माझा तक्ता आठवला. मी आनंदाने होकार दिला. हा आनंद मी नोंदवतो, कारण तोही या प्रकरणातील पुरावा आहे.

इथे वाचकांसाठी थोडा खुलासा. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो त्याला वाचता येईल अशा भाषेत. ती भाषा यंत्राच्या आकड्यांत उतरवून देणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. त्याच्यासोबत तयार कारागिरीची एक पेटी येते: तारीख काढणे, वेळ काढणे, वर्गमूळ काढणे. कारखान्याच्या यंत्राचा कंपायलर वेगळा होता, संस्थेच्या छोट्या संगणकाचा वेगळा. भाषा एकच असल्यामुळे माझा प्रोग्रॅम दोन्हीकडे चालायला हवा होता. दुकानदाराने फ्लॉपी दिल्या आणि माहितीपुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीही दिल्या. पुस्तक जाड होते म्हणून त्याने फक्त "लागणारी" पाने काढली होती. कोणती पाने लागणार हे त्यानेच ठरवले होते. मी ती प्रत तशीच घेतली.

प्रोग्रॅम चालला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीन महिने मी दर आठवड्याला बसने जाऊन तक्ता तांडेलांच्या पाऊणपटीशी आणि प्रत्यक्ष पाण्याशी ताडून पाहिला. पाव तासापेक्षा अधिक फरक कधीच पडला नाही. मार्चअखेर खात्री पटून मी ताडून पाहणे थांबवले आणि संस्थेने ठराव केला की संस्थेची होडी यापुढे छापील तक्त्याप्रमाणे सुटेल आणि पालघरहून बर्फाचा ट्रकही त्याच वेळेनुसार येईल. गावातल्या खासगी होड्यांचे तांडेल त्या कागदाकडे पाहतही नसत. ते बोटांवर मोजत आणि निघत. त्यामुळे त्या कागदाने बांधली गेली ती एकच होडी आणि एकच माणूस.

चतुर्थीच्या दिवशी काय झाले ते मी पाहिलेले नाही. खलाशांनी सांगितले ते लिहितो. तांडेल दोन वाजता धक्क्यावर आले. तीनला पाणी पूर्ण भरेल आणि मग उलटेल, तेव्हा त्याआधी निघायचे, असे त्यांनी सांगितले. त्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. चढत्या पाण्यात होडी त्याच्यावरून निघून जाते. पाणी उतरू लागले की भरलेल्या होडीला तिथे जागा उरत नाही. चिटणीसांनी तक्ता दाखवला. त्यावर चार वाजता भरती होती. बर्फाचा ट्रक साडेतीनला यायचा होता. तांडेल म्हणाले, बर्फ नको, मी निघतो. चिटणीस म्हणाले की ठराव झालेला आहे, आणि ठराव मोडून होडी नेलीत तर उद्यापासून दुसरा माणूस बघावा लागेल. तांडेल थांबले. ट्रक आला, बर्फ चढला, पावणेचारला होडी सुटली आणि दांड्यावर बसली. पाणी तिच्या खालून निघून गेले, ती एका कुशीवर कलली, तळाची फळी तडकली. पुढच्या भरतीला ती कशीबशी सुटली. कोणाला इजा झाली नाही, ही एवढीच बरी गोष्ट.

मे महिन्यात चौकशीची सभा भरली. मला तक्ता तयार करणारा म्हणून बोलावले होते. मी स्वच्छ कपडे घालून, तीन महिन्यांच्या पडताळणीची वही घेऊन गेलो. तांडेलांना विचारण्यात आले की त्यांना काय सांगायचे आहे. ते उभे राहिले.

"कागदावर चार व्हते. पान्याला तीन म्हायती व्हते. मी कागदाचा ऐकला."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "मंग तांडेल, पान्याला आदी कागद वाचून दाखवायचा व्हता." लोक हसले. तांडेल बसले.

चिटणीस माझ्याकडे वळले. "काका, कागद चुकीचा असू शकतो का?"

मी वही उघडली आणि तारखांनिशी सांगितले की तीन महिन्यांत पाव तासाहून जास्त फरक आलेला नाही. हे अक्षरशः खरे होते. सभेने त्याचा अर्थ "नाही" असा घेतला आणि मी तो घेऊ दिला. ठराव असा झाला: तांडेलांच्या हलगर्जीपणामुळे होडी रुतली, सबब त्यांना त्या कामातून मुक्त करण्यात येत आहे. हलगर्जीपणा. चाळीस वर्षे ज्यांनी त्या दांड्यावरून होड्या नेल्या, त्यांच्या नावापुढे हा शब्द इतिवृत्तात गेला.

त्या किनाऱ्यावर स्वतःच्याच खाडीच्या तोंडाशी होडी बसवलेल्या माणसाच्या हाती कोणी सुकाणू देत नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेले नाही आणि म्हणून त्याविरुद्ध अपीलही नाही. पुढच्या बाजारात त्यांच्या पत्नीने मला बोंबील मोजून दिले. पूर्वी त्या माझ्या पिशवीत वरून एक मूठ टाकत.

मला तेव्हा वाईट वाटले, पण माझी खात्री ढळली नव्हती. ती ढळली मे महिन्याच्या अखेरीस. सवयीने मी धक्क्यावर गेलो, बांबूच्या खुणेवर पाणी चढताना पाहिले आणि ते उलटले तेव्हा मनगटावरच्या घड्याळात पाहिले. तक्त्यापेक्षा बरोबर एक तास आधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तास. तिसऱ्या दिवशीही. चूक दहा मिनिटे, चाळीस मिनिटे अशी भरकटली असती तर मी चंद्राला दोष दिला असता. पूर्ण एक तास हा आकडा निसर्गाचा नव्हे. तो कोणीतरी लिहिलेला असतो.

तेव्हापासून दीड महिना मी सकाळी त्या कचेरीत बसलो. प्रथम संगणकाच्या आतल्या घड्याळावर संशय घेतला आणि त्याचा सेल बदलून घेतला. फरक तसाच. मग यंत्रायंत्रांतल्या भेदाकडे वळलो. कारखान्याच्या यंत्रात साधी पूर्णांक संख्या दोनशे कोटींपर्यंत जाई. या छोट्या संगणकात तीच संख्या बत्तीस हजारांच्या पुढे गेली की उलटून ऋण होई. सेकंदांचा हिशेब तिथे फुटत असणार असे समजून मी प्रोग्रॅममधली प्रत्येक संख्या मोठ्या प्रकारात बदलली. यात तीन आठवडे गेले आणि तो तास जागचा हलला नाही. बाहेर पाऊस, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, आणि चिटणीस अधूनमधून डोकावून विचारत, "काका, अजून सापडत नाहीये का अमावास्या?"

शेवटी चंद्र, तिथी, सगळे काढून टाकले. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. जानेवारीतील एका दिवसाची दुपारी बाराची वेळ घ्यायची, तीत चोवीस चोवीस तासांचे सेकंद मिळवत जायचे आणि रोजची वेळ छापायची. वर्षभर बाराच यायला हवेत. कागद छापखान्यासारखा खडखडत बाहेर येऊ लागला. बारा, बारा, बारा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी एक. मग थेट ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक. तिथून पुन्हा बारा.

मी तो कागद घेऊन कारखान्यात जुन्या सहकाऱ्याकडे गेलो. तिथेही आता छोटे संगणक आले होते आणि त्याच कंपायलरचे मूळ, संपूर्ण पुस्तक कपाटात होते. माझ्या झेरॉक्स प्रतीत नसलेल्या पानांवर एक वाक्य होते. त्याचा आशय असा: वापरणाऱ्याने आपला प्रदेश सांगितला नाही, तर तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो असे धरले जाईल आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची तिथली पद्धत आपोआप लागू होईल.

सहकारी म्हणाला, "सांगायचं होतं की तुम्ही भारतात आहात." मी म्हणालो, मला कोणी विचारले? आणि संतापाने तिथेच बसून त्याच्या यंत्रावर सांगायला गेलो. भारताची वेळ ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. त्या कंपायलरला साडेपाच सांगताच येईना. त्याने पाच घेतले, वरचा अर्धा तास मुकाट्याने टाकून दिला. ज्या पेटीत माझ्या संपूर्ण देशाची वेळ मावत नाही, त्या पेटीवर विसंबून मी एका माणसाविरुद्ध साक्ष दिली होती. प्रदेशाचा आकडा चुकला तरी वेळ घेताना आणि छापताना तो फरक आपोआप फिटत होता; नडत होती ती फक्त उन्हाळी पद्धत. तिच्यावर उपाय पुस्तकातच होता: प्रदेशाच्या नावापुढे उन्हाळी वेळेचे नाव लिहायचे सोडून दिले की ती पद्धत बंद होते. तीन अक्षरे न लिहिण्याचे काम. मी ते केले आणि वर्षभर बारा आले.

मग पत्रे. पहिले पत्र कंपायलर बनवणाऱ्या कंपनीच्या मुंबईतल्या प्रतिनिधींना. मी घटनाक्रम, नुकसान आणि मागणी अशी तीन पाने लिहिली: परदेशात विकल्या जाणाऱ्या मालाने ग्राहकाचा देश विचारल्याशिवाय स्वतःचा देश गृहीत धरणे हा दोष आहे. उत्तर दोन ओळींचे आले. उत्पादन माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणेच काम करते. पुढील पत्रव्यवहारासाठी खोक्यावरचा परवाना क्रमांक कळवावा. माझ्याकडे खोके नव्हते. फुकटच्या फ्लॉपींना क्रमांक नसतो. आयुष्यभर इतरांना कलमे दाखवणाऱ्या मला पहिल्यांदा कळले की या दाव्यात उभे राहण्याचा हक्कच मला नाही. दुकानदाराकडे गेलो तर तो हिंदीत म्हणाला, "चाचाजी, फ्री की चीज़ में गारंटी कौन देता है?" 

त्यानंतर मी तांडेलांच्या घरी गेलो. ते ओसरीत जाळे सांधत होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले: अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, आपल्या संगणकाने तेच इथे केले, त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. त्यांनी सुई थांबवली नाही.

"तथं घड्याल फुडं सारला मंजे इथं पानी थांबल काय?"

मी म्हणालो, नाही.

"मंग ता सबेत सांगा, सायेब. मना काय सांगतां? मना तवाच म्हायती व्हता."

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला बसा म्हटले नाही.

जुलैतच मी संस्थेला लेखी कळवले. छापलेला कागद, पुस्तकातल्या पानाची प्रत आणि माझ्या साक्षीत दुरुस्ती करणारे निवेदन जोडले. मी लिहिले की तक्ता चुकीचा होता, तो मी केला होता, आणि पावसाळ्यानंतर होड्या सुटण्यापूर्वी तांडेलांविरुद्धचा ठराव रद्द व्हावा. चिटणीसांनी पत्र वाचून घडी घातली. त्यांचा स्वर सौम्य होता आणि तो मला आजही टोचतो.

"काका, ठराव रद्द करायचा तर चूक कोणाची ते लिहावं लागेल. काय लिहू? अमेरिकेची?"

"माझी लिहा," मी म्हणालो.

"तुम्ही सभासद नाही. आणि ट्रकसाठी थांबा असं मी म्हटलं होतं, ते मग लोक विचारणारच."

हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केले, त्यांच्या माझ्याशिवाय खोलीत कोणी नव्हते, आणि त्यानंतर त्यांनी माझे पत्र टेबलाच्या खणात ठेवले. पावसाळा सरला, नारळ वाहून होड्या सुटल्या. संस्थेच्या होडीचे सुकाणू दुसऱ्याच्या हाती होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर भिंतीवरचा जुना तक्ता आपोआप बरोबर झाला आणि मी नवा, दुरुस्त तक्ता नेऊन दिला तेव्हा मला सांगण्यात आले की आता गरज नाही, जुन्याचे पाण्याशी जुळते आहे. पुढच्या एप्रिलपर्यंत संगणकावर प्लास्टिकचे आवरण चढले होते.

गेली सहा वर्षे मी दर सर्वसाधारण सभेपूर्वी तेच पत्र पाठवतो. पोचपावत्या क्रमाने लावलेल्या आहेत. मधल्या काळात चिटणीस अध्यक्ष झाले. तांडेल दुसऱ्याच्या होडीवर साधे खलाशी म्हणून जाळे ओढायला जात होते. आता गुडघ्यांमुळे तेही थांबले आहे. अलीकडे त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी मला बसायला पाट दिला. त्यांचा जावई शेजारच्या बंदरात स्वतःची होडी उतरवतो आहे आणि पहिल्या दिवशी सुकाणू सासऱ्यांच्या हाती द्यावे अशी त्याची इच्छा आहे. पण त्याच्या खलाशांपैकी दोघांनी तो ठराव ऐकलेला आहे. जावयाने मला बाजूला घेऊन विचारले की ते संगणकाचे प्रकरण कुठे छापून आले आहे का. मी म्हणालो, नाही. म्हणून हा लेख.

माझा भाग मी इथे पूर्ण करतो. तक्ता चुकीचा होता. तो मी बनवला होता, अपुऱ्या पुस्तकावर आणि हक्क नसलेल्या कंपायलरवर. सभेत मी खरे बोललो आणि त्यातून जो खोटा निष्कर्ष निघाला तो मी निघू दिला. चतुर्थीच्या दिवशी तीन वाजता पाणी पूर्ण होते आणि तसे तांडेलांनी दोन वाजता सांगितले होते.

आता संस्थेचे विद्यमान अध्यक्ष, जे त्या दिवशी चिटणीस म्हणून धक्क्यावर उभे होते, त्यांना माझी मागणी आहे. कचेरीत नव्हे, माझ्या कानात नव्हे, टेबलाच्या खणात ठेवता येईल अशा पत्राने नव्हे. येत्या सर्वसाधारण सभेत, त्याच बाकांसमोर आणि त्या जावयाच्या खलाशांना बोलावून, उभे राहून उत्तर द्यावे: त्या दिवशी होडी कोणाच्या आदेशाने थांबली, आणि "हलगर्जीपणा" हा शब्द इतिवृत्तातून कोणत्या तारखेला खोडला जाणार आहे?